त्याच्या होकाराची तयारी

"ज्याचं त्याला पटल्याशिवाय काही उपयोग नाही." घरात कुणी पिणारं असलं की हे वाक्य कुठून ना कुठून कानावर येतंच. शेजारी म्हणतात, भावकीतले म्हणतात, कधीकधी दवाखान्यातही ऐकायला मिळतं. म्हणून झालं की सगळे आपापल्या कामाला लागतात. घरातली बाई तेवढी तिथंच उभी राहते. तिनं काय करायचं? पटेपर्यंत वाट बघायची? किती वर्षं?

मला या वाक्याचा राग येतो, कारण ते निम्मं खरं आहे. पिणाऱ्या माणसाला आतून वाटायला हवं, यात वाद नाही. पण हे वाटणं एका दिवशी उगवून कायमचं राहत नाही. ते येतं आणि जातं. माझ्या भावाला ते बहुतेक रोज सकाळी सात-साडेसातला यायचं आणि अकराच्या आत निघून जायचं. दुकानामागच्या खोलीत पहिला घोट पोटात गेला की हातांची थरथर थांबायची, आणि थरथर थांबली की ते वाटणंही विरून जायचं. त्या चार तासांत त्याच्याजवळ कोण होतं, काय बोललं, आणि तो "बरं" म्हणालाच तर त्याला त्याच दिवशी कुठं नेता येणार होतं, यावर पुढचं सगळं ठरणार होतं. घरच्यांच्या हातात एवढं नक्की असतं, आणि एवढं पुष्कळ आहे.

दादाला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, "दुकानाचं नाव टाकू नको. बाकी काय लिहायचं ते लिही."

कराडला आमचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वडिलांनी काढलेलं. दादाला बेअरिंग हातात घेतलं की नंबर न बघता कळतं, ते कुठल्या गाडीचं. उसाच्या हंगामात रात्री दोन वाजता शेतात ट्रॅक्टर बंद पडला तर माणसं याला उठवायची, आणि हा हसत उठून दुकान उघडून द्यायचा. असा माणूस दारूच्या आहारी गेलाय हे म्हणायला कुणाचीच जीभ रेटत नव्हती. तो कधी गटारात पडला नाही, चौकात शिव्या दिल्या नाहीत, वहिनींच्या अंगावर हात टाकला नाही. आपल्याकडे बेवडा म्हटलं की जे चित्र डोळ्यांपुढं येतं, त्यात तो कुठंच बसत नव्हता. त्यात तो श्रावण पाळायचा. गटारीला मित्रांबरोबर बसायचा आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बंद. "मला व्यसन असतं तर श्रावण पाळता आला असता का?" हा त्याचा हुकमाचा एक्का होता, आणि आई तो दरवर्षी मान्य करायची.

मग एका वर्षी श्रावण पंधरा दिवसांवर आला. पुढच्या वर्षी फक्त सोमवारांवर. त्यानंतर श्रावणाचा विषयच निघेना.

डॉक्टर मंडळी व्यसनाचं निदान किती प्यायलं यावर करत नाहीत, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्यासाठी सहा खुणा दिलेल्या होत्या: पिण्याची अनावर ओढ, एकदा सुरू केल्यावर थांबता न येणं, बंद केल्यावर शरीराला होणारा त्रास, तेवढ्याच नशेसाठी जास्त प्रमाण लागणं, बाकीच्या आवडी आणि जबाबदाऱ्या मागं पडणं, आणि नुकसान दिसत असूनही पीत राहणं. वर्षभरात यांतल्या तीन एकत्र दिसल्या तरी मद्यपाश जडला असं मानत. दादाकडे पाहिलं तर खुणा मोजायला फार वेळ लागत नव्हता. सकाळी चहाचा कप ओठांपर्यंत जाईना म्हणून तो बशीत ओतून टेबलावर वाकून प्यायचा. पूर्वी क्वार्टरमध्ये भागायचं, आता दोन लागायच्या आणि तरी तो शुद्धीत दिसायचा. "बघ, मला चढत नाही," हे तो अभिमानानं सांगायचा. न चढणं हीच त्यातली सगळ्यात वाईट खबर होती. क्रिकेटची टीम सुटली, कृष्णेच्या घाटावर फिरायला जाणं सुटलं. दुकान नऊऐवजी साडेदहाला उघडू लागलं.

घरानं उपाय केले नाहीत असं नाही. आईनं मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. आमच्या भागात दारू सोडवण्याचा सगळ्यात मानाचा मार्ग म्हणजे माळ घालणं, तोही झाला. माळेबद्दल मी हलक्यानं बोलणार नाही. गळ्यात तुळशीची माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिलेली आहेत. त्यांना माळेबरोबर भजनाची संगत मिळाली, एकादशी मिळाली, पंढरीची वारी मिळाली, संध्याकाळी सात वाजता जायला देऊळ मिळालं. दादाला नुसती माळ मिळाली. संध्याकाळी सात वाजता तो तिथंच होता जिथं रोज असायचा. महिन्याभरानं त्यानं ती स्वतःच्या हातानं उतरवून देव्हाऱ्यात ठेवली, आणि त्यानंतर पिताना त्याच्या मनात दारूची लाज होतीच, त्यात आता विठ्ठलाला फसवल्याची भर पडली. शपथेचंही तेच होतं. मोडलेली शपथ माणसाला दारूपासून लांब नेत नाही. ती त्याला घरच्यांच्या नजरेपासून लांब नेते.

आणि पुडी. वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती, भिंतींवरचे फलक: न सांगता दारू सोडवा, भाजीत मिसळून द्या, चहातून द्या. वहिनींच्या माहेरहून अशी एक पुडी आली होती. त्यांनी ती मला दाखवली आणि मी ती माझ्या ओळखीच्या डॉक्टरबाईंपुढं ठेवली. त्यांनी आधी मला बसायला सांगितलं. अशा पुड्यांमध्ये काय घातलेलं असेल ते कुणीच सांगू शकत नाही, पण पुष्कळदा घरचे लोक डायसल्फिराम नावाच्या गोळीची पूड अशी चोरून देतात, असं त्या म्हणाल्या. हे खरं औषध आहे. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा दारूसाठी उपयोग सुरू झाला. दारू शरीरात गेली की यकृत तिचं आधी अॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि मग निरुपद्रवी द्रव्यात रूपांतर करतं. हे औषध दुसरी पायरी अडवतं. ते विष साठत जातं, चेहरा लाल होतो, डोकं फुटेल असं वाटतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. आपण हे औषध घेतोय हे ज्याला माहीत आहे तो दारूपासून लांब राहतो, आणि औषधाचा उपयोग तेवढ्यापुरताच आहे. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखा पितो. त्याचं हृदय कमजोर असेल तर तो जिवानिशी जाऊ शकतो. शिवाय कधी ना कधी त्याला कळतंच, आणि मग तो बायकोच्या हातचं पाणीसुद्धा संशयानं पितो. उपचाराला चल म्हणून सांगायचं ज्या माणसानं, त्याच्यावरचाच विश्वास संपतो. वहिनींनी ती पुडी संडासात ओतली.

त्याच बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती प्रत्येक घरात माहीत असायला हवी. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो त्याला एकाएकी, घरच्या घरी, कोंडून घालून दारू बंद करायला लावू नये. दारूनं दाबून ठेवलेली मज्जासंस्था एकदम मोकाट सुटते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलवायला येतात, घाम, ताप, रात्रंदिवस जागरण. उपचार नसतील तर यात माणूस मरतो. आमच्या आत्याच्या यजमानांना असंच झालं होतं. तेव्हा सगळ्यांनी बाहेरचं आहे म्हणून मांत्रिक आणला होता. दवाखान्यात हा सगळा काळ गोळ्यांनी सुसह्य करता येतो, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन मेंदूला होणारं नुकसान टाळता येतं, आणि आठवडाभरात माणूस शांत झोपू लागतो. "सोडायची असेल तर आजपासून सोड" असं तावातावानं म्हणणाऱ्या नातेवाइकाला हे ठाऊक नसतं.

आता वहिनींबद्दल. व्यापाऱ्याचा फोन आला की त्या सांगायच्या, "यांना ताप आहे." शाळेच्या बैठकीला एकट्या जाऊन सांगायच्या, "हे बाहेरगावी गेलेत." सोफ्यावर झोपलेल्या दादाचे बूट काढायच्या, ओकलेलं पुसायच्या, सकाळी लिंबूपाणी हातात द्यायच्या. उधारी थकली तेव्हा मामांनी पैसे भरले, कुणाला कळू दिलं नाही. प्रत्येकानं हे प्रेमानंच केलं. पण रात्री जे काही घडलं त्यातलं सकाळपर्यंत दादासमोर काहीच उरत नव्हतं. त्याला खरंच वाटायचं की काही फारसं बिघडलेलं नाही.

वहिनी पुण्याला माझ्याकडे आल्या होत्या तेव्हा आम्ही दोघी पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या एका सभेला गेलो. अल-अॅनॉन ही अशा कुटुंबांची संघटना, १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेली. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या दोन संस्थापकांपैकी एकाच्या पत्नीनं मैत्रिणीबरोबर ती उभी केली. तिथं एक वाक्य वारंवार ऐकू येतं: हे मी घडवलेलं नाही, मला ते काबूत ठेवता येणार नाही, मला ते बरं करता येणार नाही. वहिनी ते ऐकून रडल्या. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि "तू नीट सांभाळलं असतंस तर त्याला बाहेर प्यायची वेळ आली नसती" हे त्यांनी सासरी-माहेरी दोन्हीकडे ऐकलेलं होतं.

मला मात्र तिथून निघताना वाटलं, की याच्या पुढंही काहीतरी असलं पाहिजे. आपण ते घडवलं नाही हे मान्य, पण म्हणून आपण काहीच हलवू शकत नाही का? शोधता शोधता न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या एका अभ्यासाशी पोहोचले. उपचाराला साफ नकार देणाऱ्या पिणाऱ्यांच्या १३० नातेवाइकांना त्यांनी तीन प्रकारे मदत केली आणि कुणाचा माणूस उपचारापर्यंत पोहोचतो ते पाहिलं. अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी अचानक एकत्र बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत १०० पैकी ३० जणांची माणसं आली. अल-अॅनॉनच्या वाटेनं १०० पैकी १३ जणांची, पण ती वाट मुळात घरच्यांच्या मनःशांतीसाठीच आहे, तेव्हा तिला यात नापास करणं बरोबर नाही. तिसरी पद्धत रॉबर्ट मायर्स या मानसशास्त्रज्ञानं बांधलेली. तिच्यात १०० पैकी ६४ जणांची माणसं उपचाराला आली. भांडण नाही, धमकी नाही. घरच्यांना शिकवायचं ते असं: तो शुद्धीत असतो तेव्हा त्याच्याबरोबरचा वेळ गोड करायचा, तो प्यायलेला असतो तेव्हा शांतपणे बाजूला व्हायचं, पिण्यानं जे नुकसान होईल ते त्याच्यासमोर राहू द्यायचं, स्वतःचं आयुष्य पुन्हा जगायला लागायचं, आणि त्याचं मन वळतं आहे असं दिसलं की उपचाराचा दरवाजा आधीच उघडून ठेवलेला असायचा.

वहिनींनी हे आपल्या पद्धतीनं केलं. व्यापाऱ्याचा फोन आला की त्या म्हणायच्या, "ते झोपलेत, उठले की सांगते." खोटं नाही, गाऱ्हाणंही नाही. रात्री जेवण झाकून ठेवायचं आणि मुलांबरोबर आत झोपायचं. फार झालेली असेल तर एवढंच बघायचं की तो उताणा पडलेला नाही, कुशीवर आहे, कारण उताण्या माणसाची उलटी घशात अडकते. बूट काढायचे नाहीत. आणि सकाळी सातला, तो आंघोळ करून बसला की दोघांचा चहा, पोहे, त्याच्या आवडीची तिखट शेव. पहिल्यांदा आईला हे अजिबात पटलं नाही. "रात्रभर पिऊन आलेल्याचे असले लाड?" वहिनी म्हणाल्या, "आई, हे त्यांच्या रात्रीसाठी नाहीये. सकाळी ते माझ्याशी बोलतात."

तेवढ्यात मामांनी बैठक घातली. आपल्याकडची ही जुनी रीत. काका, मामा, दोन चुलतभाऊ, वहिनींचे वडील, सगळे हॉलमध्ये गोलात आणि दादा मध्ये. प्रत्येकानं त्याला वडिलांची आठवण करून दिली. मी पुण्याहून पोहोचेपर्यंत ती आटोपली होती. दादानं सगळ्यांच्या पाया पडून माफी मागितली होती, आणि सगळे खूश होऊन जेवायला बसले होते. त्या रात्री तो घरी आलाच नाही. ज्याला आधीच स्वतःची किळस येते त्याला दहा माणसांसमोर आणखी खाली बसवून काय मिळतं, हे मला आजही कळत नाही. त्या किळसेवर त्याला एकच औषध माहीत असतं.

काय बोलायचं याचा मी पुष्कळ विचार केला. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९८३ साली मांडलेली एक संभाषणाची रीत आहे. तिचा गाभा असा, की आपण बदलाच्या बाजूनं जितकं जोरात बोलू तितका समोरचा न बदलण्याच्या बाजूनं बोलतो. म्हणून आपण विचारायचं आणि त्याला बोलू द्यायचं. मी दिवाळीला गेले होते. सकाळी दोघं मागच्या ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं, "दादा, प्यायल्यानं तुला बरं काय वाटतं रे?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं नव्हतंच. सगळ्यांनी कशाला पितोस असं विचारलं होतं, आणि ते विचारताना कुणाला उत्तर नको होतं.

बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "झोप लागते. अण्णा गेल्यापासून मला झोप नाही, तायडे. डोळा लागला की त्यांचा खोकला ऐकू येतो."

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांच्या शेवटच्या आजारपणात रात्री तोच उशाशी असायचा. आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं, आणि कुणीही दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"आणि आता लागते झोप?"

"तीन वाजता जाग येते. मग घाम."

मी त्याला म्हटलं, "मला भीती वाटते. रात्री फोन वाजला की पहिला विचार तुझाच येतो. झोपेसाठी एखाद्या डॉक्टरला दाखवूया का? मनाचे डॉक्टर असतील, आणि ते पिण्याचंही विचारतील, हे तुला आत्ताच सांगते." तो "बघू" म्हणाला. मी पुढं काही बोलले नाही. लिंबासारखं पिळत बसलं तर तो "बघू"सुद्धा परत घेतला असता. पण त्या दिवसापासून घरात दारू सोडण्याची भाषा थांबली आणि झोपेची सुरू झाली. ज्या दारानं तो आत यायला तयार आहे ते दार लहान असलं तरी चालतं. व्यसनमुक्ती हा शब्द ऐकून पळणारी माणसं झोपेसाठी, पित्तासाठी, वाढलेल्या रक्तदाबासाठी, लिव्हरच्या रिपोर्टसाठी डॉक्टरकडे जातात. तिथं गेल्यावर खरी गोष्ट निघतेच. फक्त फसवून नेऊ नये. "माझी तपासणी आहे, सोबत चल" असं सांगून माणसाला मनोविकारतज्ज्ञाच्या समोर बसवलं, तर त्या डॉक्टरवर आणि आपल्यावर दोघांवर तो पुन्हा भरवसा ठेवत नाही.

मग आम्ही तयारी केली. वहिनींच्या वहीचं शेवटचं पान त्यासाठी ठेवलं. साताऱ्यातल्या मनोविकारतज्ज्ञांचा नंबर, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलेलं: आम्ही कधीही, वेळ न घेता येऊ, घ्याल का? दुकान कोण बघणार? वहिनींचा चुलतभाऊ. मुलांना काय सांगायचं? खरं तेच: बाबांना आजार आहे, उपचाराला गेलेत. पैसे वेगळे काढलेले. गाडी कुणाची. हे सगळं तो नाही म्हणत असताना, त्याला न डिवचता केलेलं होतं. मला कुणी विचारलं की आमच्या माणसाला तयार कसं करू, तर मी आधी विचारते, तो आत्ता या क्षणी हो म्हणाला तर तुम्ही कुठं जाल? बहुतेकांकडे उत्तर नसतं. मग तो हो म्हणतो त्या दिवशी शोधाशोध सुरू होते, सोमवारची वेळ मिळते, आणि सोमवारपर्यंत त्याचं मन कुठल्या कुठं गेलेलं असतं.

दादाचा होकार बँकेतून आला. एका मोठ्या व्यापाऱ्याला दिलेला त्याचा चेक परत आला होता. खात्यात पैसे होते. सही जुळत नव्हती. बँकेत गेला तर समोर पुन्हा सही करायला सांगितली, पुन्हा जुळेना. खिडकीमागच्या मुलानं अदबीनं आणखी एक कागद पुढं केला. दादानं तो कागद तसाच घडी घालून खिशात टाकला आणि बाहेर येऊन मला फोन केला. "तायडे, माझी सही माझी राहिली नाही."

त्या वेळी तोंडावर किती वाक्यं आली ते माझं मला माहीत. मी एवढंच विचारलं, "डॉक्टरांकडे जायचं?"

"चल."

मी पुण्यात होते. वहिनींना फोन केला, त्या दहा मिनिटांत बँकेपाशी होत्या, अर्ध्या तासात गाडी साताऱ्याच्या रस्त्याला. वाटेत त्याचे हात फार थरथरू लागले आणि तो गाडी थांबव म्हणाला. वहिनींनी डॉक्टरांना फोन लावून त्याच्याच हातात दिला. डॉक्टर म्हणाले, असेच या, त्रास होतोय त्याचीच सोय इथं आहे. संध्याकाळी तो दाखल झालेला होता.

दाखल करण्याबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या शोधात एका केंद्राच्या माणसानं फोनवर सांगितलं होतं, "पत्ता द्या. पहाटे चार माणसं पाठवतो, गाडीत घालून आणतो. तुम्ही फक्त दार उघडं ठेवा." थकलेल्या घराला हे फार सोपं वाटतं. मी अशा केंद्रांतून परतलेल्या माणसांशी बोलले आहे. मारहाण, कुलूप, घरी फोन नाही. बाहेर आल्यावर पहिलं काम पिणं आणि दुसरं घरच्यांना धडा शिकवणं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळं होणाऱ्या मानसिक विकारांनाही मानसिक आजारात धरलं आहे, म्हणजे कायद्यानं रुग्णाला दिलेले हक्क पिणाऱ्या माणसालाही आहेत. त्याच्या मनाविरुद्ध दाखल करायची वेळ आलीच, तर त्यासाठी तज्ज्ञांनी तपासून ठरवण्याची रीतसर पद्धत आहे. भाड्याच्या चार माणसांना तो अधिकार नाही. केंद्र निवडताना विचारावं: मनोविकारतज्ज्ञ रोज येतात का, नोंदणी आहे का, घरच्यांना आत येऊन जागा बघता येते का, कुटुंबासाठी सभा होतात का. जागा दाखवायला टाळाटाळ झाली की तिथून निघावं.

याच्या अगदी उलट वाट महाराष्ट्रात फार आधी घालून दिलेली आहे. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्यासाठी देणगी दिली होती. तिथं आलेल्याला कोंडायचं, मारायचं नाही, गुन्हेगारासारखं वागवायचं नाही, आजारी माणसासारखं आणि मित्रासारखं वागवायचं, हा पाया. स्वतः बरे झालेले लोक तिथं नव्यानं आलेल्यांना सांभाळतात. पुढं बायकांच्या व्यसनासाठी निशिगंध हा वेगळा विभागही तिथं झाला. मला त्याचं फार मोल वाटतं. पिणाऱ्या पुरुषाला निदान कुणीतरी उपचाराला ने म्हणतं, पिणाऱ्या बाईला घर आधी लपवतं आणि मग टाकून देतं.

सगळ्यांनाच दाखल व्हावं लागतं असंही नाही. गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक प्रयोग केला, तो २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. थोडं प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी, डॉक्टर नसलेल्यांनी, त्यांच्याशी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलायचं, एवढाच उपचार. तीन महिन्यांनी अशा बोलण्यानं १०० पैकी ३६ जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत २६. फरक लहान वाटेल. पण गावातल्या आरोग्य केंद्रात, चार बैठकांत! दादाचे हात थरथरू लागण्याच्या आधी कुणी त्याच्याशी असं बोलायला बसलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही.

आणि सगळी माणसं तयार होतात असंही मी म्हणणार नाही. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. मद्यपाशात अडकलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो, असं त्यात दिसलं. उरलेल्या सदतीस जणांची घरं मूर्ख नाहीत, प्रेमात कमी पडलेली नाहीत. काही ठिकाणी पोहोचायला डॉक्टरच नाही, काही ठिकाणी पैसे नाहीत, आणि काही माणसं सगळं करूनही नाहीच म्हणतात. जिथं मारहाण आहे तिथं तर मी वर लिहिलेलं चहा-पोह्यांचं काहीएक लागू नाही. तिथं आधी बाईनं आणि मुलांनी सुरक्षित जागी जायचं, ११२ या आपत्कालीन किंवा १८१ या महिलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. त्याच्या उपचाराचा विचार नंतर, आणि तो करायची जबाबदारी तिच्यावर असेलच असं नाही. नवऱ्याला सुधारणं हे बायकोचं कर्तव्य म्हणून तिच्या पदरात टाकणाऱ्यांना मी तोंडावर विरोध करते.

दादा आठवड्याभरानं साताऱ्याहून सुटला आणि स्वतःच्या पायांनी पुण्यातल्या केंद्रात आला. तिथून घरी गेल्यावर काही महिन्यांनी, लग्नसराईत, वरातीत प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच डॉक्टरांना फोन केला. आई डोक्याला हात लावून बसली, सगळं फुकट गेलं म्हणून. डॉक्टरांनी तिला समजावलं, की मधुमेहाच्या रोग्याची साखर एकदा वाढली तर आपण उपचार फुकट गेला म्हणत नाही, गोळी बदलतो. पूर्वी असं प्यायल्यावर दादा आठ दिवस तोंड चुकवायचा. या वेळी तो एका रात्रीत परत आला होता. मला तेच मोठं वाटलं. आता रविवारी तो अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला जातो. झोपेसाठी वेगळे उपचार चालू आहेत, आणि अण्णांबद्दल तो बोलतो.

ज्यांना कुठून सुरुवात करायची कळत नाही त्यांच्यासाठी: १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेची. दोन्हीवर फोन करायला पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतो. पिणारा येत नसेल तर आधी घरच्यांनी एकट्यानं जाऊन भेटावं. याला कुणाची परवानगी लागत नाही.

वहिनी महिन्यातून एकदा अजूनही कुटुंबीयांच्या सभेला येतात, कराडहून एसटीनं. दादा बरा आहे तर आता कशाला एवढा प्रवास, असं आईनं त्यांना विचारलं. "त्यांचा उपचार झाला, आई," वहिनी म्हणाल्या, "माझा आत्ता कुठं सुरू झालाय." पुढच्या वेळी आईनं त्यांना डबा बांधून दिला, आणि त्याच्या पुढच्या वेळी स्वतः बरोबर आली.